वामनरावांची हिरडी

वामनराव भांड्यांच्या दुकानात चमचे तोंडात घालून बघत. डोळे मिटून हिरडीवरून फिरवत. वरचे पुढचे दात पडले होते, आणि त्या मोकळ्या जागेचा त्यांना केवढा अभिमान! "शेठ, कड लागते. दुसरा दाखवा," म्हणून चमचा रुमालाला पुसून परत ठेवत.

डहाणूच्या बाजारातला तो गुजराती दुकानदार कपाळाला हात लावी. "अरे मोटाभाई, पोरगा कोनाचा, न् चाटते कोन!"

पोरगा आमचा होता. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. हे शाळेत मास्तर, आणि शेजारच्या खोलीत वामनराव, स्टेशनवर पार्सल क्लार्क. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. दिवसभर चिकूच्या करंड्या गाडीत चढवायच्या आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा संसार.

त्या वर्षी मला हिवतापानं धरलं आणि अंगावरचं दूध आटलं. वरचं दूध बाळाला पचेना. पोर वाळत चाललं. डॉक्टर म्हणाले, नाचणीची पेज सुरू करा. सासूबाई म्हणाल्या, "उष्टावण झाल्याशिवाय अन्नाचा कण नाही," आणि त्यांनी येता गुरुवार धरला.

भिंतीपलीकडे हे ऐकू गेलं. वामनराव थेट आमच्या स्वयंपाकघरात.

"पेज वाटणार कशावर?"

"पाट्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"परवाच टाकी लावलीत ना त्याला? अजून खर सुटतेय. मग नाचणी कशाला, पोराला सरळ दगडच भरवा!"

पुरणयंत्राला त्यांनी नाक लावलं. "वेलदोडा." पितळी पातेल्यात बोट फिरवलं. "कल्हई कुठंय?" पिठाची चाळण उजेडात धरली. "हिच्यातून माझी पार्सलं जातील. गुठळी म्हणजे गुन्हा, मास्तरीणबाई!"

"तुमच्या घशात अडकलीय का कधी?" सासूबाई कडाडल्या. "चार पोरं वाढवली मी ह्याच भांड्यांत!"

"त्यांचं नशीब!"

मग ते बाजारात गेले आणि वर सांगितलेला तमाशा झाला. येताना कल्हई केलेली लहान पातेली आणली, गोल कडेचा चमचा आणला. गाळायला मात्र विकतचं काही पसंत पडेना. शेवटी सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं फाडायला लावलं. सासूबाईंनी ते कुणावर तरी सूड उगवावा तसं फाडलं. भिजवलेली नाचणी खलात कुटून, लुगड्यातून गाळून पेज झाली. वामनरावांनी ती हिरडीखाली घोळवली आणि मान डोलावली. त्या पेजेत गुठळी शोधून सापडली नसती.

गुरुवारी पहिला घास मामानं भरवायचा, तर माझ्या भावाला नागपूरहून यायला रजाच मिळाली नाही. सासूबाईंचा चेहरा पडला. वामनराव ड्युटीच्या कोटात दारात उभे राहून पेजेवर लक्ष ठेवत होते.

"हे सगळं तुम्हाला आलं कुठून हो?" सासूबाईंनी विचारलं.

"आई बाळंतपणात गेली. धाकट्या बहिणीला मीच वाढवलं. बडोद्याला असते."

"मग भाच्याच्या उष्टावणालाही असाच धिंगाणा घातला असेल!"

"नाही," वामनराव म्हणाले. "तिच्या सासरची माणसं मोठी. आमचा चुलतभाऊ वकील आहे, त्याला बोलावलं. बरोबरच आहे. फोटोग्राफर वगैरे होता. मी फोटोत बरा दिसत नाही."

मग सासूबाईंनी पाट सरकवला.

"बसा. मामा तुम्ही."

वामनराव हात धुवायला विहिरीवर गेले, ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा तोंडही धुतलेलं होतं. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी चमचा ओठाला लावला. बाळानं पेज चाखली, विचार केला, आणि पुर्रकन त्यांच्या कोटावर उडवली. दुसरा चमचा मात्र गिळला. तिसराही.

मी कोट पुसायला फडकं पुढे केलं.

"असू दे," ते म्हणाले, आणि तसेच स्टेशनवर गेले.