मसाजच्या फॉर्मवरचा नंबर

मसाज घ्यायचा, हे मी सलूनच्या खुर्चीत ठरवलं. केस कापून झाल्यावर सलूनवाल्याने नेहमीप्रमाणे माझी मान दोन बोटांनी दाबली आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो घाबरला.

"साहेब, कात्री लागली का?"

"केस गेला डोळ्यात," मी म्हणालो. (दोन्ही डोळ्यांत एकदम केस गेलेलं त्याच्या पाहण्यातलं मी पहिलंच गिऱ्हाईक असेन.) बायको जाऊन चौदा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत मला हात लावणारा माणूस म्हणजे हा सलूनवाला, तोही महिन्यातून एकदा.

ऑफिसात मी आवक-जावक सांभाळतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन टेबलाच्या खणात धरून मी शोध सुरू केला. 'जवळपास मसाज' एवढंच टाकलं, तर आमच्या सोज्वळ वस्तीत एकोणीस ठिकाणं निघाली! बत्तीस वर्षं मी तिथे राहतोय आणि मला माहीत काय, तर लाँड्री आणि दवाखाना. 'फक्त प्रौढांसाठी', 'हळुवार स्पर्श', 'संपूर्ण गोपनीय'. कळत होतं मला सगळं. लाजही वाटत होती. पण संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच कुलूप उघडायचं, हे त्याहून जिवावर येत होतं.

मग फॉर्म आला. फॉर्म म्हटला की माझ्यातला कारकून जागा होतो. एकही रकाना मी कोरा सोडला नाही. 'आजार' या रकान्यात मूळव्याधसुद्धा लिहिली (आणि कंसात 'आता बरी आहे'). वेळ घेतली शनिवारची, साडेचारची.

जागा निघाली लाँड्रीच्याच वरच्या मजल्यावर. काउंटरमागे एक चष्मेवाल्या बाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

"कोड सांगा."

"कसला कोड?"

"बुकिंग केल्यावर मोबाइलवर आला असेल ना."

मी माझा फोन उलटापालटा करून पाहिला. काही नव्हतं. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हाच ना नंबर?"

नंबर अगदी बरोबर होता. फक्त तो माझा नव्हता. माझा फोन कायम खणात पडलेला, त्यामुळे गॅस, बँक, दवाखाना, सगळीकडे बायकोचाच नंबर दिलेला. माझ्या बोटांना तेवढा एकच नंबर पाठ आहे.

"थांबा, मी लावून बघते," म्हणत बाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत रिंग वाजायला लागली. बायकोचा फोन लेक तिच्या घरी घेऊन गेली होती, हे मला माहीत होतं. तो अजून चालू असेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"हॅलो?" लेकीचाच आवाज.

"साडेचारच्या मसाजच्या बुकिंगबद्दल बोलतेय."

"अहो, हा माझ्या आईचा..." ती थांबली. "तिथे माझे बाबा आहेत का?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. लपायला खुर्चीशिवाय काही नव्हतं आणि खुर्चीखाली मी मावलो नसतो.

"आहे गं," मी म्हणालो.

"बाबा, पाठ दुखतेय?"

"हो."

"कधीपासून?"

"चौदा महिने झाले."

पलीकडे मेसेज उघडल्याची टिकटिक ऐकू आली. मग ती म्हणाली, "लिहून घ्या. सात, चार, शून्य, दोन." आणि फोन ठेवला.

आत पडदा, अरुंद पलंग आणि चाळिशीची, दमलेल्या चेहऱ्याची बाई. माझ्या शर्टाची बटणं निघता निघेनात. शेवटी एकदाचा पालथा पडलो. तिने पाठीवर तळहात ठेवला आणि मी हमसून हमसून रडायला लागलो.

"अहो काका, अजून सुरूसुद्धा नाही केलं!"

"काही करू नका. असाच हात ठेवा नुसता."

तिने ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, "कोण गेलं?"

"बायको."

तिने हात उचलला नाही. पंधरा मिनिटांनी मी उठलो आणि शर्ट घातला (उलटा).

"पाऊण तास बाकी आहे हो," ती म्हणाली. मी मान हलवली आणि जिना उतरलो.

घराचं कुलूप आधीच उघडलेलं होतं. लेक मलमाची ट्यूब घेऊन बसली होती. "पालथे पडा," ती म्हणाली. न दुखणाऱ्या पाठीवर मलम असं काही झोंबलं की विचारू नका. पण बोलायची सोय नव्हती. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"मी तो फोन रोज चार्ज करते, बाबा. आईला कुणाचा तरी फोन येईल म्हणून. इतक्या दिवसांत आज पहिला आला." आणि ती रडायला लागली. मी तर आधीच रडत होतो; मलमावर ढकलता येत होतं.

जरा वेळाने मी चाचपून पाहिलं. "ती जागा तशी साधीच गं. पाठीची."

"मेसेज अख्खा आलाय मला. 'प्रौढांसाठी'सकट."

मी उशीत तोंड खुपसलं. "तुझ्या आईला फसवायला निघालो, असं वाटलं असेल तुला."

"छे," लेक डोळे पुसत म्हणाली. "आई म्हणायची, तुझ्या बाबांची मला काडीचीही काळजी नाही. उद्या शेण खायला गेले, तरी तिथल्या फॉर्मवर माझाच नंबर लिहून येतील."