गंज न धरणारी जलवाहिनी

वसाहतीला पाणी पुरवणारी लोखंडी जलवाहिनी गंजून तिची चाळणी झाली होती, आणि ती बदलण्याचा प्रस्ताव पाणीपुरवठा खात्याने ती गंजायला लागल्यापासून विचाराधीन ठेवला होता. अखेर निर्णय झाला. नवी वाहिनी फायबरची असेल, म्हणजे काचेचे तंतू राळेत भिजवून बनवलेल्या प्लास्टिकची. वजनाला हलकी, पोटातून गुळगुळीत, आणि मुख्य म्हणजे गंज तिला शिवणारही नाही. कामात दिरंगाई नको म्हणून जुनी वाहिनी आधीच उपटून भंगारात काढण्यात आली. नवी येईपर्यंत नागरिकांनी धीर धरावा, अशी सूचना कोरड्या टाकीवर रंगवण्यात आली.

देखरेखीला नेमलेल्या ओव्हरसीअरला सगळे ओळंबा म्हणत. अंगाने सडपातळ, आणि वरिष्ठ दिसले की मान खाली घालून, दोरीला टांगल्यासारखा निश्चल उभा राहायचा. खाली पाहत राहिलं की बोलावं लागत नाही, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं. दुर्दैवाने तो याच वसाहतीत, वाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहत होता. टँकरचं पाणी जिन्याने चढवून चढवून कंबर धरली, तेव्हा त्याच्या बायकोने मुलांची दप्तरं भरली आणि ती भावाकडे निघाली.

"नळाला पाणी आलं की फोन करा," दारातून ती म्हणाली.

"अगं, मी येईन ना अधूनमधून भेटायला."

"तुम्ही नाही आलात तरी चालेल. पाणी येऊ दे."

ओळंब्याने हे मनाला फार लावून घेतलं. घर खायला उठायचं, म्हणून तो दिवसभर नव्या वाहिनीसाठी खणलेल्या चरातच राहू लागला. पाइपला खडा टोचू नये म्हणून त्याने चराच्या तळाशी चाळलेली वाळू पसरून घेतली. जोडारी पाइपांची तोंडं घासायचे, त्यावर राळ फासायचे, फायबरच्या पट्ट्या थरावर थर गुंडाळायचे आणि हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून वरून रूळ फिरवायचे. मग राळ घट्ट होईपर्यंत सांध्याला कुणी हात लावायचा नाही. तेवढा वेळ ओळंबा तिथे पहारा द्यायचा. एकदा सांध्यावर कावळा बसायला आला तर त्यालाही त्याने हाकललं.

"साहेब," जोडाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "एवढं घरी जपलं असतंत तर वहिनी गेल्या नसत्या."

काम देखणं झालं. मग तपासणीला गंज निरीक्षक आले. त्यांच्या कक्षाचं पूर्ण नाव 'गंज प्रतिबंध व संनियंत्रण कक्ष' असं होतं, आणि त्यांची हातोडी चामडी म्यानात असायची. नियमपुस्तिकेप्रमाणे त्यांना नाद चाचणी घ्यायची होती. वाहिनी हातोडीने ठोकली असता स्पष्ट नाद निघावा, असा नियम होता. निरीक्षकांनी कान जवळ नेला आणि ठोकलं. थप्प असा आवाज झाला.

"हिचा आवाज बसलाय," निरीक्षक म्हणाले.

"फायबर आहे साहेब," मुकादम म्हणाला. "ती वाजत नसते."

"न वाजून सांगते कुणाला? नीट ठोकली की सगळं वाजतं."

त्यांनी नीट ठोकली. पाइपला तडा गेला. निरीक्षकांनी हातोडी पुसून म्यानात घातली आणि ओळंब्याकडे दयेने पाहिलं. "नशीब समजा, मी आत्ताच ठोकली," ते म्हणाले. "पाणी सोडल्यावर ठोकली असती तर केवढ्याला पडलं असतं?" ओळंब्याने मान खाली घातली.

प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. नियम बदलावा असं कुणीतरी हळूच सुचवलं, तेव्हा साहेबांनी शांतपणे समजावून सांगितलं की पाइप बदलायला एका सहीने भागतं, नियम बदलायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि सगळे एका वेळी जागेवर कधीच नसतात. तेव्हा मधला मार्ग निघाला. तडा राळेने बुजवायचा आणि प्रत्येक सांध्याशेजारी लोखंडाचा एकेक तुकडा टांगायचा. निरीक्षकांनी पुन्हा येऊन तुकडे ठोकले. नाद खणखणीत निघाला. जलवाहिनी उत्तीर्ण झाली.

ओळंब्याने त्या संध्याकाळी घर झाडून घेतलं. पण दुसऱ्याच दिवशी निरीक्षक पुन्हा हजर. आता गंजाची पाहणी बाकी होती. ते वाहिनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालले, नखाने खरवडत गेले, आणि शेवटी चराच्या काठावर बसले ते सुतक आल्यासारखे.

"गंज नाही," ते म्हणाले.

"हो साहेब," ओळंबा भीत भीत म्हणाला. "म्हणूनच ही आणली."

"अहो, गंज नाही तर मी नियंत्रण कशावर ठेवू? माझ्या हाताखाली खरवडणारे आहेत, रंगवणारे आहेत, रंगवलेलं मोजणारे आहेत. त्यांना उद्या काय सांगू, की घरी बसा, प्रश्न सुटलाय?" त्यांचा आवाज खरंच कातर झाला. "गंज एवढासाच असला तरी चालेल हो मला. पण असायला हवा."

मोठे साहेब माणुसकीचे होते. कुणाच्या पोटावर पाय यावा असं त्यांना वाटेना. टांगलेल्या तुकड्यांच्या जागी प्रत्येक सांध्याभोवती लोखंडी कवच बसवायला त्यांनी मंजुरी दिली. कवचं बसल्यावर मधला उघडा फायबर विजोड दिसू लागला, म्हणून तिथेही कवच आलं. मग कवचं एकमेकांना वेल्डिंगने जोडली. आता जमिनीत एक लांबलचक लोखंडी वाहिनी होती आणि तिच्या पोटात फायबरची वाहिनी सुखाने निजली होती. पहिल्या दवातच कवचावर तांबूस पुटं चढली. निरीक्षकांनी नखाने खरवडून बोट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता कसं!"

पाणी सोडण्यात आलं. ओळंबा धावतच तीन मजले चढला आणि त्याने नळ उघडला. नळ खोकला नाही, फुरफुरला नाही. सरळ धार आली, काचेसारखी. तो पेला भरून प्यायला. पाण्याला कसलीच चव नव्हती आणि एवढं चांगलं पाणी तो जन्मात प्यायला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. त्याने बायकोला फोन लावला.

"पाणी आलं!"

"खरंच? लाल किती वेळ आलं?"

"लाल आलंच नाही. आल्यापासून स्वच्छ."

"मग ते नळाचं पाणी नव्हे," ती म्हणाली. "टाकीबिकी धुतली असेल कुणी. आधी लाल येऊन जाऊ दे, मग कळवा. मुलांना घेऊन हेलपाटा नको."

असं तिलाच वाटलं असं नाही. वसाहतीत घरोघरी लोकांनी नळ सोडले, बादल्या बाजूला सरकवल्या आणि गंजाचं लाल पाणी जाण्याची वाट पाहत उभे राहिले, कारण लहानपणापासून हीच पद्धत होती. लाल पाणी आलं नाही, त्यामुळे ते गेलंही नाही. सगळी टाकी मोरीतून गटारात गेली. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ कार्यालयात आलं. तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांच्या पुढे होत्या.

"हात दुखेपर्यंत थांबलो आम्ही," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत लाल काही गेलं नाही."

"काकू, ते आलंच नव्हतं," ओळंबा म्हणाला.

"आलं नाही म्हणजे अजून आतच आहे. ते काढा आधी. वापरायचं पाणी कुठून सुरू होतं हे माणसाला कळायला नको?"

शिष्टमंडळाने माना डोलावल्या. मोठ्या साहेबांनी हात टेकले. निरीक्षक छताकडे पाहू लागले. आणि तेव्हा, नोकरीत पहिल्यांदाच, ओळंब्याने मान वर केली. त्याला फक्त बायको-मुलं घरी हवी होती.

"साहेब," तो म्हणाला, "बाहेरची लोखंडी वाहिनी तयारच आहे. आतला पाइप काढून घेतला तर नाद राहील, गंज राहील, लाल पाणीही येईल."

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. "आणि फायबरचं काय?" साहेबांनी विचारलं.

"तो चांगला आहे साहेब," ओळंबा म्हणाला. "सांभाळून ठेवता येईल."

फायबरचा पाइप ओढून काढताना सांधे कापावे लागले. ज्यावर त्याने कावळा बसू दिला नव्हता, तो सांधा कापताना ओळंब्याने मान खाली घातली, आणि त्या वेळी तिथे वरिष्ठ कुणी नव्हते. कापलेले तुकडे कार्यालयासमोर ओट्यावर मांडले आणि 'आदर्श जलवाहिनी' अशी पाटी लावली. पावसाने खराब होऊ नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर आहे. इतकी वर्षं झाली, गंजाचा ठिपका नाही. ओळंब्याला बढती मिळाली.

बायको आली तेव्हा नळ आधी खोकला, मग त्याने दोनदा उचकी दिली आणि मग धार आली, विटेच्या रंगाची. तिने पदराने कपाळ पुसलं. "केलंत हो तुम्ही," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने केलेलं हे पहिलं कौतुक. दोघं बादली बाजूला धरून, खांद्याला खांदा लावून लाल पाणी जाण्याची वाट पाहत उभे राहिले. त्या एका पेल्याची चव ओळंब्याला आठवली, आणि त्याने बादली आणखी थोडी बाजूला घेतली.

या सगळ्यात कुणा वाचकाला खात्याचा दोष दिसत असेल, तर त्याने जरूर तक्रार करावी. कार्यालय तक्रारी सकाळीच घेतं. अजून कुणी गेलेलं नाही, कारण त्या वेळी आपण सगळे बादली बाजूला धरून नळाशी उभे असतो.