चार जठरांचा नवरा

मल्हारनं ठरवलं की बायकोचा अभ्यास आपण घ्यायचा. घात झाला तो तिथंच.

तसा माणूस कामाचा. रांजणगावच्या एका कंपनीत आठ वर्षं लोखंडी भागांवर मार्करनं नंबर टाकत होता आणि एकदाही चुकला नव्हता. (दोनदा चुकला होता, पण ते सुपरवायझरच्या अंगावर गेलं.) बायको रुपाली दौंडला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करत होती. सोमवारी तोंडी परीक्षा. पास झाली तर यवतच्या एका दवाखान्यातली नोकरी पक्की. नापास झाली तर जागा दुसरीला जाणार. त्यामुळे राहूतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आठवडाभर भाकरी थापतानासुद्धा 'फीमर म्हंजी मांडीचं हाड, पटेला म्हंजी गुडघ्याची वाटी' असा जप चालला होता. हाडं पाठ झाली. पोटातले अवयव मात्र ऐनवेळी दगा देत.

"घरी समदं येतंय वो," रविवारी ती रडकुंडीला आली. "म्याडमनी इचारलं की हात थरथरतोय. डावं-उजवं कायबी सुधरत न्हाई."

मल्हारला भरून आलं. ती पाण्याला गेली तेवढ्यात त्यानं बनियन काढला, पुस्तकातलं चित्र आरशाला टेकवून उभं केलं, कंपनीतला मार्कर घेतला आणि आरशात बघून स्वतःच्याच अंगावर लिव्हर, अपेंडिक्स, हार्ट असं ठळक लिहून काढलं. जठराशी आल्यावर त्यानं पुस्तक मिटलं. इथं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रुपाली आली आणि हंडा डोक्यावर तसाच ठेवून बघत राहिली.

"अवो, लिव्हर डावीकडं?"

"चित्रात तिकडंच हाय की."

"चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून हाय! आपलं डावं ते त्याचं उजवं. आन् ही चार जठरं कुणाची?"

हा मात्र घराण्याचा प्रश्न होता. मल्हारचे वडील भिमाआप्पा यांनी उभी हयात मेंढरांमागं काढलेली. लहानपणी मल्हारनंही वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, कापलेल्या मेंढरांची आतडी नि जठरं धुतली होती.

"चारच असत्यात. ह्या हातानं धुतल्यात म्या. पुस्तकवाल्यांनी तीन गाळली."

"मेंढराला चार! ते रवंथ करतंय. माणसाला एकच."

"म्हंजी आपण मेंढराच्या बी खाली व्हय?" मल्हारला खरोखर वाईट वाटलं.

मग धुणं सुरू झालं. मार्कर लोखंडासाठी बनवलेला, तेल लागलं तरी न जाणारा. साबण झाला, रॉकेल झालं, शेवटी मल्हारच्या आईनं, सगुणाबाईंनी, राख आणि काथ्या दिला. कातडी लालभडक झाली आणि तिच्यावर काळी अक्षरं आणखीच उठून दिसायला लागली.

सोमवारी गळ्यापर्यंत बटणं लावून मल्हार रुपालीला गाडीवरून दौंडला घेऊन गेला आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसला. आतून मॅडमचा आवाज आला, "शिकवायचा पुतळा दुसऱ्या सेंटरला गेलाय. यजमान आलेत ना तुमचे? त्यांनाच बोलवा. पेशंट म्हणून झोपतील."

मल्हार आत गेला. "म्याडम, मला सर्दी हाय."

"मग बरंच झालं, तपासूनच घेऊ. शर्ट काढा."

शर्ट निघाला. वर्गातल्या मुलींनी पदर, ओढण्या, जे सापडलं ते तोंडात कोंबलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"रुपालीताई, हे तुमचे यजमान आहेत की गाईड? याला कॉपी म्हणतात. तुम्ही घरी जा."

रुपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मल्हार मध्ये पडला. "तिचा कायबी दोष न्हाई, म्याडम! समदं म्या लिवलंय. तिला तर हे पटलंबी न्हाई. मला काय बोलायचं ते बोला, पर तिला बसू द्या."

मॅडमनी चष्मा लावला, वाकल्या आणि मल्हारला वरपासून खालपर्यंत सावकाश वाचून काढलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"बरं. लिव्हर इथं आहे का?"

"न्हाई म्याडम." रुपालीनं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या उजव्या फासळ्यांखाली हात ठेवला. "हितं."

"हार्ट?"

"मधी, जरासं डाव्या अंगाला. ह्यांनी उजवीकडं लिवलंय."

"आणि ही चार पोटं?"

"ती मेंढराची, म्याडम. माणसाला येकच."

हात जराही थरथरला नाही. कालपासून तेच अंग घासून घासून तिला त्याचा इंच न् इंच पाठ झाला होता. मॅडमनी आणखी सहा प्रश्न विचारले, तिनं आणखी सहा चुका काढल्या, आणि ती पास झाली.

परतताना मल्हार आनंदानं गाडीवर सरळ बसतही नव्हता. अंगाची आग होत होती, पण बायकोला नोकरी लागली होती.

"कबूल कर," तो मागं मान वळवून म्हणाला, "माझ्यामुळंच पास झालीस."

"व्हय तर," रुपाली त्याच्या पाठीला टेकून मनापासून म्हणाली. "म्याडमबी तेच म्हनल्या. ह्यातलं येक जरी बरुबर असतं, तर कॉपी धरून नापास केलं असतं."