शेजारणीच्या नावाने थंड हवा

घर सांभाळण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. बायको टमारा सैन्यात सार्जंट. ती परदेशी छावणीत, तर मी टेक्सासच्या तळावरच्या क्वार्टरमध्ये कुत्रा आणि उकाडा सांभाळत होतो. एसी बंद पडलेला. तरी "तू येशील तेव्हा घर गारेगार असेल," असं मी तिला छातीठोकपणे सांगून बसलो.

इथल्या दुरुस्त्या एका खासगी कंपनीकडे. मोबाईलवर तक्रार टाकायची आणि ती कुठवर पोचली ते बघत बसायचं. मी टाकली. कारागीर निघाला, कारागीर पोचला, काम पूर्ण! मी दारातच उभा होतो, एसीसाठी चिटपाखरू फिरकलं नव्हतं. पुन्हा टाकली, तर पुन्हा काम पूर्ण. तिसऱ्यांदा रस्त्यावरच पाळत ठेवली. कारागीर आला आणि सरळ भिंतीपलीकडच्या ओफेलियाबाईंकडे शिरला.

मागोमाग मीही घुसलो. बाई ऐन उन्हाळ्यात शाल पांघरून बसल्या होत्या.

"फार गुणी माणसं आहेत रे, न बोलावता येतात," त्या म्हणाल्या. "माझं तुंबलेलं सिंक तेवढं कोणी बघत नाही."

आणि माझं धडधाकट सिंक लोक येऊन येऊन साफ करत होते! कंपनीच्या संगणकात आमच्या घरांची अदलाबदल झाली होती. ती चूक सुधारायलाही तक्रारच टाकावी लागते, आणि ती कोणाच्या दारात जाईल देव जाणे. त्यापेक्षा आम्ही करार केला. माझा एसी त्यांच्या नावाने, त्यांचं सिंक माझ्या नावाने.

काय सांगू! एसी सुरू झाला, सिंक मोकळं झालं, गळका गिझर बदलून मिळाला, कुंपण उभं राहिलं. गल्लीतली बिऱ्हाडं माझा सल्ला घ्यायला येऊ लागली. टमाराला विमानतळावरून आणताना माझी मान ताठ होती.

दाराला किल्ली लागेना. कुलूप नवंकोरं होतं.

ओफेलियाबाई सामानाने भरलेल्या गाडीशेजारी ताटकळत होत्या. "यांची बदली झाली ना, म्हणून घर सोडल्याची नोंद सकाळीच टाकली. कुलूप बदलायला अजून कोणी आलंच नाही बघ."

टमाराने खिडकीच्या काचेला गाल लावला. "गार आहे खरं," ती म्हणाली. "आता टाक तक्रार, कुलूप उघडा म्हणून."

"ती ओफेलियाबाईंनी टाकायला हवी," मी म्हणालो. "पण कंपनीच्या लेखी त्या आता इथे राहतच नाहीत."