भटारखान्याकडचा पडदा

रंगनाथ काळवणे आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हातात पेटलेली उदबत्ती घेऊन. मी त्यांना कूलरचं गवत बदलायला बोलावलं होतं, पूजेला नाही. देवघराकडे त्यांनी पाहिलंही नाही. दारात चपला काढल्या, उदबत्ती नाकासमोर धरली आणि धुराच्या मागे मागे घरभर चालू लागले. धूर हॉलमधून निघाला, स्वयंपाकघराच्या दारात जरा घुटमळला आणि डावीकडे वळून संडासाच्या झरोक्यातून बाहेर पडला.

"मॅडम," रंगनाथभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तुमचं सगळं वारं संडासात चाललंय. कूलर बिचारा काय करंल?"

माझ्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं होतं : कूलर – गवत, पंप, नळी. एका तासाचं काम. ते तीन दिवस चाललं. कूलर या खिडकीतून त्या खिडकीत गेला. घराचा ताबा घेतल्यापासून रंगाने चिकटून बसलेली मागची तावदानं उघडली. ह्यांचं कपाट दीड फूट सरकलं आणि त्यामागे ह्यांचा हरवलेला चष्मा सापडला. पण त्या मे महिन्यात, गारखेड्यातली अर्धी माणसं ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली असताना, ह्यांनी भर दुपारी पांघरायला चादर मागितली. मी वहीत 'कूलर' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि कंसात लिहिलं : माणूस विचित्र, पण काम चोख.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं दुकान. मोटारी, पंखे, पत्रे, आणि पंपांच्या खोक्यात शाळेतलं भूगोलाचं एक पुस्तक. त्याचं मुखपृष्ठ कधीच गेलेलं आणि 'वारे' या धड्याची पानं तेलकट झालेली. भाऊ दहावीला तीन विषयांत नापास झाले, भूगोलात मात्र वर्गात पहिले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या एका धड्यावर काढलं.

"वारा आळशी माणसासारखा असतो मॅडम. दाब पडल्याबिगर जागचा हलत नाय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीत विचारायचा पहिला प्रश्न एकच : "जास्त दाब कुठंय आन् कमी कुठंय?" रेशनच्या रांगेत त्यांना कमी दाबाचा पट्टा दिसायचा. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचे, "आधी राजस्थान तापू द्या. तिकडची जमीन तापल्याबिगर समुद्राची हवा इकडं यायची नाय. त्या लोकांनी उन्हात बसायचं आन् पाऊस आपण घ्यायचा. कुणी आभार मानले का त्यांचे कधी?"

पृथ्वी फिरते म्हणून वारे उजवीकडे वळतात, हे पुस्तकात वाचल्यापासून ते प्रत्येक कूलर बोटभर डावीकडे तिरका बसवत. शेजारच्या विज्ञानाच्या सरांनी त्यांना समजावलं, "अहो रंगनाथराव, तो नियम शेकडो मैल जाणाऱ्या वाऱ्यांना. दहा बाय बाराच्या खोलीत त्याचा काय संबंध?"

भाऊंनी जरा विचार केला. "नसंल संबंध. पण तुमच्या खोलीखालची पृथ्वी फिरायची थांबली काय सर?"

सरांचा कूलर अजून तिरकाच आहे.

मीनलचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलं. मुहूर्त भर दुपारी बारा वीसचा, आणि कॉलनीजवळच्या मैदानात मंडप. व्याही नाशिकचे. त्यांना आमच्या उन्हाची सवय नाही, शिवाय नवऱ्या मुलाची आजी ब्याऐंशी वर्षांची. मी तेरा याद्या केल्या होत्या. पहिल्या यादीत पहिलं नाव नवरदेवाचं नव्हतं, रंगनाथभाऊंचं होतं.

ते आले, मंडपाची जागा पावलांनी मोजली आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर चित्र काढू लागले.

"हा मंडप म्हणजे पृथ्वी. ही भटारखान्यातली पुऱ्यांची कढई. हे आपलं विषुववृत्त. इथली हवा तापती, हलकी होती, वर जाती. वरचं छत उघडं ठेवायचं, जाऊ द्यायची तिला. मग तिची जागा भरायला बाकीची हवा धावती. तिकडच्या टोकाला ओले पडदे आन् आपले चार जंबो कूलर, म्हणजे ध्रुवाकडची बाजू. गार हवा तिकडनं निघंल, पाहुण्यांच्या अंगावरनं कढईकडं जाईल."

"आणि मधला पडदा?"

"कुठला?"

"मंडप आणि भटारखान्यामधला."

"तो वर बांधायचा. सताड उघडा."

मी वही मिटली. "भाऊ, विहीणबाईंना बसल्या जागेवरून कढई दिसेल. तळणाचा वास येईल, धूर येईल. तो पडदा बंदच राहणार."

"वास वाऱ्याच्या उलट चालत येत नसतो, मॅडम."

"पडदा बंद."

"मग माझे कूलर मी परत नेतो."

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी छत उघडं ठेवायला तयार झाले, कडेला आणखी एक झरोका पाडू म्हटलं, ते काही ऐकेनात. "पडदा उघडा असंल तरच," एवढंच. त्या मुहूर्तावर शहरातला एकूण एक मोठा कूलर ठरलेला होता. मी मान डोलावली आणि घरी येऊन यादीत एक ओळ वाढवली : पडदा – मंगलाष्टकांच्या वेळी गुपचूप सोडणे.

आमच्यात मुलीच्या आईने मंगलाष्टकं पाहायची नसतात. तिने मागे तुळशीला पाणी घालत बसायचं. अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं, तशी मी तुळशीजवळ गेले, तांब्या एका दमात रिकामा केला आणि तडक भटारखाना गाठला.

पडद्याच्या दोरीच्या गाठीला हात लावला तोच मंडपातला भोंगा गप्प झाला. लाईट गेली होती. चारही कूलर घरघरत थांबले. जनरेटरवाला "एक मिनट, एक मिनट" म्हणत पळाला. माझ्या डोळ्यांपुढे आजीबाई आल्या.

पण पाठीला काहीतरी गार लागत होतं. मी वळून पाहिलं. भटजी बिनभोंग्याचे गात होते, आजीबाई शांतपणे अक्षता चाळत होत्या, आणि ओल्या पडद्यांकडून निघालेला वारा सगळा मंडप ओलांडून, माझ्या पदराला ओढत, कढईकडे चालला होता. कूलर बंद, तरीही. धूर सरळ वर जात होता. तळणाचा वास मला कढईपासून दहा पावलांवरही येत नव्हता.

"मॅडम, ती गाठ सोडू नका बरं," खालून कुणीतरी म्हणालं.

पडद्याच्या तोंडाशीच सहा बायका पोळपाट घेऊन पुऱ्या लाटत बसल्या होत्या. बोलली ती त्यांच्यातली जाडगेलीशी, हसऱ्या तोंडाची. "हे वारं सुमनबाईच्या नावचं हाय. आम्ही आपलं शेजारी बसून फुकट खातो."

बाकीच्या खुदकन हसल्या. अगदी वाऱ्याच्या तोंडाशी बसलेली, पन्नाशीची, सावळी बाई हसली नाही. तिने नुसतं लाटणं जोरात फिरवलं.

"हिच्या नावचं म्हणजे?"

"कूलरवाला हिचा मालक हाय ना. सात वर्षं झाली, बोलणं नाय दोघांचं."

"गप ग," सुमनबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, जणू खुलासा देणं भागच होतं, "घरात वारं यावं म्हणून छताचा पत्रा उचलला त्यानं. ऐन आषाढात. दाण्यादुण्यासकट माझं सगळं भिजलं. मी बहिणीकडं गेले पदमपुऱ्यात. तेव्हापासून तिकडंच."

"आणि लग्नात तुम्ही पुऱ्या लाटायला असलात की...?"

"असंल तिथं येतो आन् पडदा उघडतो. तोंडानं एक शब्द नाय. मला वाटलं योगायोग असंल. म्हणून एका लग्नात मुद्दाम दुसऱ्या अंगाला जाऊन बसले." त्यांनी पुरी परातीत टाकली. "तर पुढच्या लग्नात बाबानं दोन्ही अंगांचे पडदे उघडले."

आता सगळ्याच हसल्या आणि सुमनबाईंच्या ओठांचा कोपराही जरासा हलला. मंडपात 'सावधान'चा गजर झाला, टाळ्या वाजल्या. माझी मुलगी परक्या घरची झाली आणि मी भटारखान्याच्या दोरीला धरून उभी होते.

"मॅडम, एक निरोप देता का?" सुमनबाई पिठाकडे बघत म्हणाल्या. "पलीकडं उन्हात उभा हाय तो मघापासनं. सावलीत ये म्हणावं."

मी कनातीला वळसा घालून बाहेर गेले. रंगनाथभाऊ रणरणत्या उन्हात छताची दोरी दोन्ही हातांनी धरून उभे होते. छताचं ते उघडं तोंड किती वासायचं हे ते दोरी ओढून ठरवत होते. शर्ट अंगाला चिकटला होता. साऱ्या मैदानात वारा नव्हता अशी जागा तेवढी एकच असावी.

"सुमनबाई म्हणतात, सावलीत या."

त्यांनी झटकन मान वळवली.

"ती म्हणली? सोता?"

"हो."

त्यांनी दोरीचा एक वेढा मनगटाभोवती घेतला. मग त्यांनी हळूच विचारलं, "लागतंय का तिला वारं?"

"लागतंय की. पदर फडफडतोय त्यांचा."

"फडफडतोय?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी वर पाहिलं आणि दोरी बोटभर सैल सोडली. "मग जरा कमी करतो. पीठ उडंल तिचं."