उणे चार

मन्मथअप्पांचा बॅगेच्या चेनवर काडीचा विश्वास नाही. बॅग कितीही भारी असो, ती भरून झाली की अप्पा दाभण आणि सुतळी घेऊन फतकल मारतात आणि सोयाबीनचं पोतं शिवावं तसं तिचं तोंड शिवून टाकतात. दोन्ही टोकांना कान काढतात, उचलायला बरं पडावं म्हणून. चेन ही त्यांच्या मते शहरातल्या लोकांनी चोरांच्या सोयीसाठी काढलेली वस्तू आहे.

लोहाऱ्यात त्यांचं बारदान्याचं दुकान आहे. रिकामी पोती, सुतळी, ताडपत्री असला माल. मी त्यांची शेजारीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. आमच्या घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे आणि गेली अकरा वर्षं कढीपत्त्यापासून कागाळ्यांपर्यंत सगळं तिच्यावरूनच इकडचं तिकडं होतं.

गल्लीत कुणी प्रवासाला निघालं की अप्पा दाभण घेऊन हजर. मी एकदा पुण्याला प्रशिक्षणाला निघाले, तेव्हा भिडेखातर माझी बॅग त्यांच्या ताब्यात दिली. वसतिगृहात पोचल्यावर कंगवा काढायचा तर बॅग उघडेना. शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशींची विळी मागून आणली आणि एकेक टाका कापत बसले. माझ्याच गाडीनं आलेल्या दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग त्यांनी आपापल्या बॅगा उघडल्या. वाटेतल्या पावसात डिकीत पाणी शिरलं होतं आणि त्यांच्या साड्यांचे लगदे झाले होते. माझं सगळं कोरडं ठणठणीत. अप्पांनी आतून ताडपत्री लावली होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

पण अप्पांचा खरा विषय म्हणजे हवा. कुठल्याही गावाचं नाव काढा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “तिथली हवा काय म्हणती?” देवळं, डोंगर, नातेवाईक हे सगळं नंतर. अणदूर आणि लोहारा यांच्या हवेतसुद्धा फरक आहे, असं ते छातीठोकपणे सांगायचे, आणि अणदूरला खंडोबाला जाताना जादा उपरणं घ्यायचे.

आमच्या भागातून दरसाल वैशाखात यात्रेची एक बस निघते. आचारी, गॅस, ज्वारीचं पीठ, सगळं सोबत. रामेश्वरपासून केदारनाथपर्यंत देश पालथा घालून सव्वा महिन्यानं परत. अप्पांच्या बायकोला, महानंदाक्कांना, या बसमधून जायचं होतं. अक्कांचं माहेर आळंदचं. लहानपणी त्यांच्या मठातले स्वामी केदारला जाऊन आले होते आणि बर्फ हातात धरला की कसा भाजतो ते त्यांनी पोरींना सांगितलं होतं. गार वस्तू भाजते कशी, हे कोडं अक्कांना साठ वर्षं सुटलेलं नव्हतं. एकदा हात लावून बघायचा, एवढीच त्यांची मागणी.

अप्पांनी होकार दिला आणि कामाला लागले. एवढ्या मोठ्या देशात हवा चार तऱ्हेची, म्हणून पोतीही चार. त्यांवर काळ्या रंगानं, ब्रशनं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गरम, दमट, कोरडी, थंड. ‘दमट’मध्ये पावडरचे डबे आणि लवकर वाळणारी धोतरं. ‘कोरडी’मध्ये पांढरे कांदे. बसवाल्यानं माणशी सामानाचा एकच डाग चालेल असं सांगितल्यावर अप्पांनी त्याला दीड तास हवेबद्दल समजावलं. तो बिचारा चौथ्या पोत्याला हो म्हणून निसटला.

‘थंड’ लिहिलेलं पोतं मात्र काही केल्या भरून होईना. त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका पौषात अक्कांच्या छातीत कफ धरला, न्यूमोनिया झाला आणि त्या सोलापूरच्या दवाखान्यात बारा दिवस होत्या. बारा दिवस अप्पा खुर्चीवरून उठले नव्हते म्हणे. आता डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं होतं. पण अप्पांनी स्वेटर, शाली, पायमोजे जमवायचा सपाटा लावला. वर सवय हवी म्हणून ऐन मे महिन्यात, भर दुपारी, ते अक्कांना स्वेटर आणि माकडटोपी घालून बसवायचे. अक्का तशाच शेंगाची चटणी कांडत बसायच्या. घामानं निथळत “साकू, साकू” म्हणायच्या, म्हणजे कानडीत ‘पुरे’, आणि मला भिंतीवरून डोळा घालायच्या.

अप्पांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून रोज सकाळी ते भिंतीशी येऊन मला केदारची हवा विचारायचे. मी फोनवर बघून सांगायची. एके दिवशी तिथं चार अंश दाखवत होतं. मी तोंड गंभीर करून म्हणाले, “उणे चार.” त्या दिवशी पोत्यात दोन घोंगड्या वाढल्या. मग मला चटकच लागली. रोजच्या आकड्याआधी मी ‘उणे’ लावायची, अप्पा बाजारातून काहीतरी लोकरीचं आणायचे, आणि मी ते शाळेत मधल्या सुट्टीत रंगवून सांगायची. का केलं असं, याला गंमत यापलीकडं कारण नाही.

बस निघायच्या आदल्या सकाळी चारही पोती शिवून अंगणात उभी होती. अप्पा भिंतीशी आले, आकडा विचारला, मी सांगितला. ते घरात गेले. तासाभरानं बघते तर अक्का अंगणात बसून टाके उसवत होत्या. पुढच्या साली जायचं ठरलं, म्हणाल्या. हवा बरी नाही म्हणे तिकडची. उसवलेली सुतळी त्या नीट गुंडाळून ठेवत होत्या. मला वाईट वाटलं, पण पुढच्या साली जातीलच की, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या साली खरा आकडा सांगायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. वेळ आली तेव्हा तोंड उघडेना. आता खरं सांगितलं तर गेल्या वर्षीचं उघडं पडणार. आदल्या सकाळी अप्पांनी विचारलं आणि मी पुन्हा “उणे चार” म्हणून मोकळी झाले. अक्का पुन्हा टाके उसवायला बसल्या. त्या वेळी मी अंगणात गेलेच नाही.

त्याच वर्षी श्रावणात अक्का गेल्या. साधा ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. थंडी नव्हती, मोठा पाऊस नव्हता, लोहाऱ्याची हवा अगदी रोजच्यासारखी होती. लिंगायत रीतीनं जमिनीत समाधी द्यायच्या वेळी अप्पांनी केदारसाठी आणलेली तपकिरी शाल त्यांच्या खांद्याभोवती गुंडाळली. विधी करायला आलेल्या जंगमांनी याची गरज नसते म्हणून हळूच सांगितलं. “खाली गार असतंय,” एवढंच अप्पा म्हणाले आणि शाल राहू दिली.

नंतरचे कितीतरी महिने मी त्यांच्याशी धड बोलू शकले नाही. यंदा वैशाखात बसची जाहिरात पुन्हा चौकात लागली, तेव्हा मला राहवेना. सकाळी अप्पा ओट्यावर पोत्यांना ठिगळं लावत बसले होते. मी भिंतीशी न थांबता फाटकातून आत गेले आणि सगळं सांगून टाकलं. आकडा चार होता, ‘उणे’ माझ्या पदरचं होतं, दोन्ही वर्षं. माझ्यामुळं अक्कांचं केदार राहिलं.

अप्पांनी दाभण खाली ठेवलं.

“चारच हुतं, बाई. मला ठाव हुतं.”

दुकानाशेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर ते रोज बघत होते. मग माझ्याकडं कशाला येत होता, एवढंच कसंबसं विचारलं.

“तुमी शिकलेल्या. तुमी सांगितलं म्हणलं की ती खरं मानायची.” त्यांनी मांडीवरचं पोतं बाजूला सारलं. “त्या दवाखान्यातनं आल्यापास्नं मला तिच्या खोकल्याचं लई भ्या वाटायचं. पण तिला न्हाय म्हणायला तोंड उघडत नव्हतं माझं. तुमी उणे चार सांगायच्या. म्या घरात जाऊन उणे आठ सांगायचो.”

मी तिथंच ओट्यावर बसले. समोर चौकात बसवाल्याचा भोंगा फिरत होता, रामेश्वर, काशी, केदार अशी नावं घेत.

“ती काय बी बोलायची न्हाय. बरं म्हणायची,” अप्पा म्हणाले. “एकदा तरी हट्ट धरायचा हुता तिनं. म्या गेलो असतो, बाई.”