चार बॅटऱ्यांचा मानपान

“या वेळी जर का दिवे गेले ना, तर गाडी विकायची. मी पुन्हा काळोखात पोळ्या लाटणार नाही,” सुमेधाताईंनी सांगून टाकलं.

“बरं,” चिंतामणराव म्हणाले.

या ‘बरं’नेच चिंतामणरावांचा आजवर घात केला होता. नोकरीत काय, सोसायटीत काय, समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की त्यांच्या तोंडून तेवढंच निघायचं. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात बाराही महिने पाहुणे असत आणि सुमेधाताई बाराही महिने ओट्याशी. ही गाडीसुद्धा अशीच आली. परदेशी निघालेल्या एका मित्राने “घेतोस का रे?” म्हणून विचारलं आणि हे “बरं” म्हणून बसले. होती टेम्पो ट्रॅव्हलरच, पण आत पलंग, ओटा, पंखा, छोटा फ्रिज आणि टपावर सोलर पॅनल. वाटेल तिथे उभी करा आणि विजेच्या खांबाशिवाय मजेत राहा. गंमत म्हणजे, गळ्यात पडलेल्या या गाडीवर त्यांचा जीव जडला. निवृत्तीनंतर सकाळी उठून करायचं काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे तेवढं एकच उत्तर होतं. ती विकायची म्हणजे ते उत्तरही गेलं.

दोष बॅटऱ्यांचा होता. दिवसभर ऊन खाऊनही संध्याकाळी दोन दिवे लावले की त्या माना टाकायच्या. चारही बदलायला झाल्या होत्या. चिंतामणरावांनी कंबर कसली. इंटरनेट पालथं घातलं. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि घर चालवायची वेगळी, पहिली एकदाच दणक्यात जोर लावते, दुसरी दमादमाने तासन्‌तास वीज पुरवते, हे ज्ञान त्यांनी दूधवाल्यालाही दिलं. शेवटी पाणी घालावं न लागणारी, एजीएम जातीची एक बॅटरी त्यांनी पक्की केली आणि नमुन्याला एक आणलीदेखील. तशाच आणखी तीन आणल्या असत्या तर विषय मिटला असता. पण ते चारचौघांत बोलून बसले.

पहिले आले पिंपळगावचे मेहुणे, विश्वेश. त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं.

“दाजी, काय येड लागलं का? आमच्या पॅकहाऊसवर इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी हाय. हत्ती हाय हत्ती! इतके सीझन झाले, हू का चू नाय. एक धाडून देतो.”

“पण विश्वेश, ती जुनी...”

“जुनी म्हंजी अनुभवी!”

“बरं,” चिंतामणराव म्हणाले.

मग पुण्याहून जावयाचा फोन आला. “बाबा, कुठल्या काळात आहात? आता सगळे लिथियम वापरतात. वजनाला हलकी, चार्ज पटकन. मी एक ऑर्डर केलीय तुमच्यासाठी. वाढदिवसाचं गिफ्ट समजा.”

मेहुण्याला हो म्हणून जावयाला नाही कसं म्हणायचं? “बरं, विहंगराव.”

राहिले मुझफ्फरशेठ. सकाळच्या फिरण्यातली दोस्ती आणि बॅटऱ्यांचं दुकान. “साहेब, मेरी सुनो, जेल बॅटरी लो. आपल्या रस्त्यांवर बाकीच्या सगळ्या हलून जातात. आणि तुम्ही माझ्या दुकानातून एक पण नाही नेली, तर लोक काय बोलतील?”

“बरं,” चिंतामणराव म्हणाले, आणि तेव्हाच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जागा चार, बॅटऱ्याही चार! प्रत्येकाची एकेक बसवली की कुणी रुसायला नको. लेकीच्या, आभाच्या लग्नात त्यांनी दुसरं काय केलं होतं? रुसायच्या बेतात दिसेल त्याला फेटा, नारळ आणि फोटोत पहिली रांग. लग्न कसं निर्विघ्न पार पडलं होतं! वेगवेगळ्या जातीच्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत, असं इंटरनेटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि त्यांनी ते दोनदा वाचलंही होतं. पण इंटरनेटला मेहुणे नसतात.

चार बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या. चौघींना हळदकुंकू लागलं. रविवारी गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, एका ओळखीच्या मळ्यात मुक्काम ठरला.

“आपण दोघंच ना?” सुमेधाताईंनी विचारलं.

“अगं, ज्यांच्या बॅटऱ्या त्यांना बोलवायला नको? तासभर बसतील, चहा घेतील, जातील.”

सुमेधाताईंनी मोठं पातेलं गाडीत ठेवलं.

विश्वेशच्या गाडीतून तिघे सकाळीच हजर झाले. आभाला सुट्टी नव्हती, म्हणून विहंग एकटाच आला होता. मग प्रत्येकाला आपली बॅटरी किती दमदार आहे ते दाखवायचं होतं. “ताई, लाव मिक्सर! घाबरू नको,” विश्वेश म्हणाले. चटणी झाली. विहंगने विजेची किटली लावली. मुझफ्फरशेठनी फ्रिज, पंखा आणि सगळे दिवे भर दुपारी लावून ठेवले. सुमेधाताई चहा, भजी, पुन्हा चहा करत राहिल्या. तासभर बसणारे पाहुणे आता जेवूनच जाणार होते. चिंतामणराव मात्र खूश होते. डोक्यावर ऊन होतं, पंखा फिरत होता, कुणीही रुसलं नव्हतं.

ऊन उतरलं. सुमेधाताईंनी पहिली पोळी तव्यावर टाकली आणि दिवा मिचमिचला. पंखा दोनदा कण्हला. मग सगळंच गप्प झालं.

“अहो,” काळोखातून सुमेधाताईंचा आवाज आला. फक्त तेवढंच. चिंतामणरावांना गाडीवर ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसायला लागली.

“जेल धोका देणार नाही. लिखके देता हूँ,” मुझफ्फरशेठ म्हणाले.

“मामा, सॉरी, पण तुमची म्हातारी बॅटरी बाकीच्यांची वीज पितेय,” विहंग म्हणाला.

“म्हातारी कोणाला म्हणता, जावईबापू? तुमचं ते खोकं बघा आधी! वजन नाय, दम कुठून येईल?”

“दोघं पण चुकताय तुम्ही...”

“ओ शेठ, तुम्ही दुकानदार माणूस, तुम्ही तर बोलूच नका!”

आवाज चढत गेले. शेवटी तिघांनीही चिंतामणरावांना घेरलं. “दाजी, तुम्हीच सांगा. कोणाची बॅटरी खराब?”

कोणाची, ते चिंतामणरावांना चांगलं ठाऊक होतं. पण ते म्हणाले, “अहो, तसं बघितलं तर... सगळ्यांच्याच चांगल्या आहेत.”

झालं! तिघांचाही एकदम अपमान झाला. “म्हणजे माझी नि ती एकाच लायनीत?” असं तिघांनीही आपापल्या भाषेत विचारलं, चपला शोधल्या आणि ते न जेवता निघाले. आले होते एकाच गाडीतून, त्यामुळे रुसल्यावरही त्यांना शेजारी शेजारीच बसावं लागलं.

मळा शांत झाला. चिंतामणराव पायरीवर बसले. “शब्द म्हणजे शब्द. उद्या गाडीची जाहिरात देतो,” ते म्हणाले.

“आधी हा मोबाइल धरा. पोळी दिसत नाहीये.”

एका हाताने त्यांनी उजेड धरला. दुसऱ्या हाताला चैन पडेना. विकायची गाडी निदान धड असावी, म्हणून त्यांनी पोळ्या झाल्यावर चारही बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या आणि एकटीच एक जोडून पाहिली. कोणाची, ते सांगणं बरं दिसणार नाही. पण दिवा लागला. पंखा फिरला. अर्धा तास झाला तरी दोन्ही चालूच. दोन माणसांना एक दिवा आणि एक पंखा पुरतो, हे चिंतामणरावांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण ते कधी दोघंच नव्हते.

दोघं पलंगावर मांडी घालून जेवले. सुमेधाताईंनी स्वतः गरम पोळी खाल्ली.

“अहो, आपण दोघंच असे जेवायला कधी बसलो होतो?”

चिंतामणरावांनी खूप आठवलं. आठवेना. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“गाडी विकायची नाही,” सुमेधाताई म्हणाल्या.

“पण दिवे तर गेले!”

“दिवे गेले म्हणून तर माणसं गेली.”

चिंतामणरावांना इतका आनंद झाला की चटणीचा ठसका लागला. तेवढ्यात लांब, वळणावर, मोटारीचे दोन दिवे दिसले. मळ्याकडे यायला तो एकच रस्ता होता. विश्वेशचीच गाडी. भुकेपोटी तिघांचा समेट झाला असावा. सुमेधाताई उठल्या आणि त्यांनी कणकेचा डबा पुढे ओढला.

चिंतामणरावांनी डब्याकडे पाहिलं. बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यांनी दिवा बंद केला. पंखाही. मोबाइलसुद्धा उशीखाली सारला.

गाडी फाटकाशी येऊन थांबली. हॉर्न वाजला.

“दाजी! ओ दाजी!”

‘ओ’ द्यायला चिंतामणरावांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी ते हाताने बंद केलं.

“झोपले वाटतं. अजून अंधारच हाय,” विश्वेशचा आवाज आला.

“असणारच. मामा, तुमची बॅटरी...”

“परत माझीच का?”

“अरे, पहले खाना ढूँढो!” मुझफ्फरशेठ ओरडले. दारं धाडधाड लागली आणि गाडी वळली.

काळोखात सुमेधाताई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. सगळा पलंग हलत होता.

“लावू का दिवा?” चिंतामणरावांनी कुजबुजत विचारलं.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या. “त्यांना हायवेला तर लागू द्या!”